जिंतूरला नेलेली नवी मूठ

जालन्याहून सुटलेली एसटी देवगाव फाट्यावर थांबली तेव्हा मांडीवरच्या पेटीमुळे माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. पेटीत दोन अवजारं होती. पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात, तेव्हा आतला चिमटा बाहेरून चालवायला लागतात ती. एक जुन्या घडणीचं, कात्रीसारख्या दोन कड्यांचं. दुसरं मी पुण्यात दोन वर्षं खपून बनवलेलं, पिस्तुलासारख्या मुठीचं. जिंतूरच्या एका सर्जन बाईंनी ते बघायला मागितलं होतं, कारण जुन्या कडीनं त्यांचा अंगठा बधिर व्हायला लागला होता.

फाट्यावर चहा घेतला. चहावाल्यानं पेटीकडे बघून विचारलं, "काय हाय ह्यात?"

"डॉक्टरांचं अवजार."

"मंग जपून न्या. आमचीच मानसं असतेत तिथं."

पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, पण अवकाळीनं भिजून मळकट झालेला. आभाळ उतरलेलं. बायका वाकून मुकाट्यानं वेचत होत्या. मला उगाचच उदास वाटायला लागलं.

डॉक्टर बाई ठेंगण्या, पन्नाशीच्या. त्यांनी आधी वॉर्डात नेलं. कौसल्याबाईंच्या पित्ताशयात खडे होते, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. "हे सर नवं अवजार घेऊन आलेत," बाई म्हणाल्या.

"बारीक छिद्रातूनच करायचंय न्हवं?" कौसल्याबाईंनी मला विचारलं. "म्होरल्या पंधरवड्यात वेचणीला जायाचंय. ती सरली की हाताला कामच न्हाई."

"होईल मावशी, काळजी करू नका," मी म्हणून बसलो. मी कोण होतो शब्द देणारा?

शेजारच्या खोलीत सरावाचा डबा होता. आत कॅमेरा, बाहेर पडदा. चिमट्यानं सोयाबीनचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. जुन्या अवजारानं बाईंचे पहिले दाणे सफाईनं पडले. मग एक निसटला, पाठोपाठ दुसरा. त्यांनी हात झटकला. "बघा, अंगठ्याला काही कळंना गेलंय."

मी ऐटीत माझं अवजार पुढे केलं. त्यांनी मूठ धरली आणि त्यांचं बोट खटक्यापर्यंत पोचेचना. शेवटी त्यांनी दुसऱ्या हातानं तो दाबला. चिमटा हलला, दाणा जागेवरच.

"सर, हे कुणाच्या हाताचं माप आहे?"

एका परिषदेत चहाच्या सुट्टीत मी सर्जनांचे पंजे मोजले होते. सगळे पुरुष. तेव्हा ते लक्षातही आलं नव्हतं. मी तसं सांगितलं आणि मान वर करायची लाज वाटली.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "उद्या पोट उघडूनच करते," त्या म्हणाल्या. "असल्या हातानं आत चिमटा फिरवायचं धाडस माझ्यात नाही."

"परभणीला पाठवलं तर?"

"दोनदा म्हणलं. घरी सासरा अंथरुणाला खिळलाय, त्या तिकडं राहायला तयार नाहीत."

वॉर्डात बाईंनी कौसल्याबाईंना सगळं समजावलं. टाके मोठे पडतील, दोन महिने वाकायचं नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी चोरासारखा उभा. कौसल्याबाईंनी स्वतःचे हात मांडीवर उलटे करून पाहिले.

"मंग यंदाची वेचणी गेली म्हना." एवढंच. मग माझ्याकडे वळून, "सायेब, लय लांबून आलाव. जेवलाव का न्हाई?"

जेवण झालं नव्हतं. तरी मी हो म्हणालो.

निघताना बाईंनी कोऱ्या कागदावर पंजा टेकवला आणि मला पेनानं कडेकडेनं रेघ ओढायला लावली. तो कागद खिशात घेऊन मी जालन्याच्या गाडीत बसलो. पुण्याला घरी आल्यावर टेबलावर पसरून त्यावर माझा हात ठेवून पाहिला. माझी बोटं रेघेबाहेर चांगली पेरभर जात होती. या मापाची मूठ मी बनवीन, बहुतेक चांगलीही होईल. पण ती तयार होईपर्यंत कौसल्याबाईंच्या पोटावरची जखम भरलेली असेल आणि कापूस दुसऱ्या कुणी वेचून नेलेला असेल.