लेदरी

बाईंनी माझा हात धरून वर्गाला दाखवला. टेबलावर एक सफरचंद, एक सीताफळ आणि शेजारी उभा मी.

सफरचंद स्मूथ. सीताफळ रफ. मग बाईंनी आपली पर्स माझ्या हाताला लावली. म्हणाल्या, "लेदरी." सगळी पोरं ओरडली, "लेदरी." एकेकानं येऊन बोट लावून पाहिलं.

मी हसत होतो. सांगायला लाज वाटते, पण खोटं सांगणार नाही. पिंप्राळ्यातल्या या इंग्रजी शाळेच्या गेटवर मी नऊ वर्षं बसतो. माझी स्वतःची शाळा दुसरीत सुटली. बाई म्हणाल्या, "आबा, वर्गात या, काम आहे," तेव्हा सदऱ्याचं वरचं बटण लावलं. चपला बाहेर काढल्या. वाटलं, मान दिला.

माझी नात त्याच वर्गात. ती खाली मान घालून बसलेली.

संध्याकाळी तिनं वही काढली. शब्दाचं वाक्य करायचं होतं. बाईंनी फळ्यावर इंग्रजीत लिहूनच दिलेलं, वॉचमन आबांचा हात लेदरी आहे. सगळ्यांनी उतरवलं. हिची ओळ कोरी.

मी अर्थ विचारला.

"चामडागत, आबा. बाईनी पर्स शे ना, तसं."

पारोळ्याकडे मी विहिरी खोदल्या, दगड फोडले. या हातांचा मला कधी कमीपणा वाटला नव्हता. त्या संध्याकाळी ते मांडीखाली घातले. स्वतःच्या घरात. आणि वर पोरीला काय सांगितलं?

"लिखी टाक बेटा. मार्क जातीन."

तिनं पेन खाली ठेवला. "आबा, तू काब्र हासी ऱ्हायंता?"

का हसत होतो? मी वही मिटून पिशवीत ठेवली.

सकाळी वही घेऊन बाईंपुढे गेलो. "ही ओळ कोरी राहील. मार्क कापा."

"अहो आबा, नुसता शब्द शिकवला. त्यात वाईट काय?"

"शब्द चांगला असंल बाई. मग हात तुमचा दाखवायचा."

बाई लाल झाल्या. "आज ब तुकडीलाही हात दाखवायला यायचंय तुम्हाला. नाहीतर वर कळवावं लागेल."

"कळवा."

तिसऱ्या तासाला बोलावणं आलं. मी गेटवरून उठलो नाही. पुन्हा आलं. उठलो नाही.

नोकरी जाईल तर जाईल. हा हात आता मांडीखाली जाणार नाही. कोणाच्या टेबलावरही नाही.