फिट होण्याची परीक्षा

आखातात, बनेद अल-गारमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारी रिकामी बाई म्हणजे मी, असा सगळ्यांचा समज आहे. म्हणून एका ओळखीच्या वकीलबाईंनी मला दुभाषी केलं. नवरा म्हणाला, "चला, तुझ्या तोंडाला एकदाचं काम मिळालं."

पहिलीच केस मालवणकडच्या एका बाईची. स्वयंपाकाला म्हणून आणून मालकाने तिला सुलैबियातल्या घरात कोंडून ठेवलं होतं. संधी साधून ती निसटली. आता मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या मालकाकडे व्हिसा बदलून मिळावा असा तिचा अर्ज होता. कोंडण्याने मनावर काय परिणाम झाला, ते सायकॉलॉजिस्टने लिहून द्यायचं होतं. नाहीतर तिची रवानगी गावी, आणि तिथे दोन मुली हिच्याच जिवावर शिकत होत्या.

बाई आली ती चापूनचोपून साडी नेसून, केस चप्प बसवून. केरळच्या डॉक्टरबाईंनी हिंदीत विचारलं, झोप लागते?

"बरी लागता."

भूक?

"बरी."

भीती वाटते?

"छ्या! कसली भीती?"

भाषांतर करता करता मी मनातल्या मनात कपाळ बडवत होते. अगं बाई, निदान एक उसासा तरी टाक! पण दुभाष्याने पदरचं काही बोलायचं नाही, हा नियम. माझ्यासारखीला ती शिक्षाच.

घोळ उशिरा ध्यानात आला. आखातात येणाऱ्याची आधी मेडिकल होते, अनफिट ठरला की घरी. व्हिसासाठी डॉक्टर म्हटल्यावर ही फिट व्हायला आली होती! डॉक्टरबाईंनी परोपरीने समजावलं. तिने शहाण्यासारखी मान डोलावली आणि पुन्हा सगळं 'बरं'च.

एसीची हवा जात होती म्हणून मी दार लावायला उठले. ती माझ्याआधी तिथे पोचली आणि फटीत पाय घालून उभी राहिली.

"दार उघडाच ऱ्हवांदे, ताई."

डॉक्टरबाईंनी उठून दार सताड उघडलं. मग ती तिथेच उभ्याउभ्या बोलायला लागली. बाहेरून लागणारी कडी, किल्ली वाजली की कोपऱ्यात सरकणं, फोनवर मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात कोंबलेला पदर.

शेवटी तिने डोळे पुसले, साडी सारखी केली.

"सगळा सांगलंय. आता माका घराक धाडतले मां?"

म्हणजे अनफिट ठरून गावी परत जावं लागणार असं धरूनच ती बोलली होती. मला रडू कोसळलं. डॉक्टरबाई भाषांतराची वाट बघत होत्या.