कुठल्याशा बेटाचा परवाना

माझे यजमान एका कारखान्यात हिशेब बघायचे. वाण्याच्या बिलात रुपयाची चूक निघाली तरी हे जिना उतरून परत दुकानात जायचे. निवृत्तीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बाहेर पडणं थांबलं आणि घरात बसल्या बसल्या हे फोनवर पैसे लावून रमी खेळायला लागले.

मी कुरकुर केली की म्हणायचे, "अगं, हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. जिंकलेल्या पैशावर मी रीतसर कर भरतो."

कर भरणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार?

मग सरकारचा नवा कायदा आला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, ह्यांची रमीही बंद पडली. मी खूश होऊन वाल सोलले, डाळिंब्यांची उसळ केली. ह्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. पुढचे काही दिवस खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत. मला म्हणाले, "हात रिकामा वाटतो गं." आणि मग एकदम शांत झाले. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

सुटलं नव्हतं. खेळणाऱ्यांच्या कुठल्या तरी ग्रुपवर कोणीतरी परदेशी साइटचा पत्ता पाठवला होता. मी पकडलं तेव्हा ह्यांनी पडद्याच्या तळाशी असलेला शिक्का मला मोठा करून दाखवला. कुठल्याशा देशाचा परवाना होता. ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. नकाशात शोधलं तर समुद्रात तिळाएवढं बेट.

"तिथे हे कायदेशीर आहे," हे म्हणाले.

"तिथे असेल. आपण कोथरूडमध्ये राहतो."

"आपला कायदाही खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही, चालवणाऱ्याला करतो. मी वाचलंय सगळं."

"आणि पैसे अडकले तर? त्या बेटावर जाऊन भांडणार आहात, हा गुडघा घेऊन?"

ते हसले. मीही हसले, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

हे हरत होते, ते मला दिसत होतं. पण एका दुपारी स्वयंपाकघरात आले ते उजळलेल्या चेहऱ्यानेच. मोठा डाव जिंकले होते आणि पैसे खरोखर खात्यात जमा झाले होते. "बघ, सुरक्षित आहे की नाही!" म्हणाले. त्या आनंदात माझ्यासाठी गजरा मागवला.

पुढच्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात ह्यांच्या फोनवरून पैसे जाईनात. बँकेत गेलो, तर खातं गोठवलेलं. पेन्शन जमा होते तेच खातं. मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "काका, तुमच्याकडे आलेली रक्कम फसवणुकीची आहे. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी खातं थांबवायला सांगितलंय."

तिथल्या एका बाईंना कोणीतरी पोलीस असल्याचं सांगून फोनवर घाबरवलं होतं, त्यांच्याकडून पैसे उकळले होते. चोरांनी ते आपल्या खात्यांतून फिरवले आणि साइटने त्यातूनच ह्यांची जिंकलेली रक्कम भागवली.

आम्ही इथल्या सायबर पोलिसांकडे गेलो. तरुण अधिकारी होती, नीट बोलली. "आजोबा, तक्रार तिकडे दाखल आहे. तुम्हाला तिकडेच अर्ज करावा लागेल. ती रक्कम त्या बाईंना परत जाईल. तुमचं बाकीचं खातं कधी सुटेल, ते मी सांगू शकत नाही."

"आणि साइटवर माझी बाकीची शिल्लक आहे, ती आता काढू देत नाहीत, तिचं काय?"

"ती कुठून आणणार आम्ही? ती साइट चालवतं कोण, हेच कोणाला माहीत नाही."

बाहेर येऊन हे पायरीवर बसले. "ती बाई माझ्याच वयाची असेल का गं?" एवढंच विचारलं. मी हात करून रिक्षा थांबवली.

मला वाटलं, ह्यापुढे हा माणूस त्या खेळाकडे बघणारसुद्धा नाही. तर दोनच दिवसांनी साइटचा निरोप आला, की ओळख पटवण्याचं शुल्क भरा, तुमची सगळी शिल्लक मोकळी करतो. आता घर माझ्या नोकरीच्या पेन्शनवर चाललं होतं. हे माझ्यासमोर उभे राहिले. "एवढे एकदा भर. शेवटचं. सगळंच सुटेल."

"अहो, तुम्ही हिशेब बघायचात ना? हे तुम्हाला कळत नाही?"

"कळतं!" हे ओरडले. "सगळं कळतं, म्हणून तर…"

मी त्यांचा फोन उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. तेव्हा हा माणूस, ज्याला गुडघ्यामुळे देवापुढेही वाकता येत नव्हतं, भिंतीला धरून खाली बसायला लागला. "मी तुझ्या पाया पडतो." मी त्यांना दोन्ही हातांनी वर ओढत होते आणि ते खाली खेचत होते. शेवटी आम्ही दोघंही फरशीवर बसून रडलो. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, गॅस बंद करायला कोणी उठलं नाही. डाळ करपली.

व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे न्यायला मला महिना लागला. "मी काय दारुडा आहे का?" हे म्हणायचे. खातं तोवर सुटलं नव्हतं, आजही सुटलेलं नाही. अर्जाला उत्तरादाखल फक्त पोच आली.

डॉक्टर शांत होते. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाले, "शेवटचं कधी खेळलात?"

मीच उत्तर द्यायला तोंड उघडलं. फोन महिनाभर कपाटात होता, किल्ली माझ्याकडे होती.

"आज सकाळी," हे म्हणाले. "ही आंघोळीला गेली तेव्हा. हिच्या फोनवर."

पर्समध्ये हात घालून मी माझा फोन चाचपला. पैसे किती गेले, हे बघायचं धाडस झालं नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सांगितलंत, बरं केलंत," म्हणाले. "पुढच्या मंगळवारी परत या. दोघंही या."