वस्तादांनी शेवटची खणलेली माती

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडले नाही. आमच्या घरात खंडोबाचा टाक होता, दर रविवारी त्याला अंघोळ घातली जायची, आणि मी हात जोडायचे. जेवणाआधी हात धुवावेत तितक्या सवयीनं. खरी श्रद्धा होती ती एकाच माणसावर, आणि तो माणूस गेल्या दिवाळीनंतर गेला. त्यानंतरचा दीड महिना मी कुठल्याच देवापुढं हात जोडले नाहीत. जोडायला तोंडच नव्हतं. का नव्हतं, ते आज लिहून टाकायचं ठरवलं आहे. आधीच सांगते, यात चमत्कार वगैरे काही नाही. जे झालं ते झालं तसं सांगते.

मुरुमजवळच्या आमच्या गावात कुस्तीची तालीम आहे. पत्र्याचं छप्पर, आत लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती. वस्ताद ती तालीम चाळीसेक वर्षं चालवत होते. तालमीची माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवतात. आमच्या घरचं ताक मी कासंडीत घेऊन जायचे, अकरा-बारा वर्षांची असताना. एक दिवस वस्ताद म्हणाले, "ताक मातीला रोज पाजतीस, तुला न्हाय व्हय उतरावं वाटत?" दुसऱ्या दिवशी उतरले. गावात कुजबुज झाली, पोरीच्या जातीनं मातीत लोळायचं म्हणजे काय. वस्तादांनी कुणाशी वाद घातला नाही. पुढच्या महिन्यात आणखी दोघी आल्या, मग पाच. आज मी चाळिशीला टेकले आहे, शाळेत खेळाची शिक्षिका आहे, आणि गेली दहा वर्षं तालमीतल्या मुलींना संध्याकाळी शिकवते. सगळ्या मला ताई म्हणतात.

वस्तादांची शिकवण्याची रीत उलटी होती. पहिले दोन महिने ते डाव शिकवतच नसत. फक्त पडायला शिकवायचे. खांदा आत घ्यायचा, हनुवटी छातीला, हात मोकळा, श्वास सोडायचा. "पाडायला काय, कुणीबी शिकतंय," म्हणायचे, "पडायचं आलं म्हंजी भ्या गेलं." त्यांचं आजोळ कर्नाटकातलं. एखादी मुलगी पडताना अंग ताठ धरू लागली की ते कानडीत म्हणायचे, "निधान, निधान." म्हणजे सबुरीनं, सावकाश. मला तो शब्द इतका आवडायचा की कित्येकदा मी तो ऐकण्यासाठी मुद्दाम वाकडी पडले आहे. त्यांना ते कळायचं. ते मग बोलायचेच नाहीत.

आणि दुसरी गोष्ट, रोज पहाटे हौदा खणायचा. दिवसभर पायांनी माती दबते, आणि चार दिवस न खणता राहिली तर आपोआप वाळून खालून टणक होते. वरून मऊ दिसते, पण अंग आदळलं की कळतं. म्हणून सत्तरी उलटली तरी वस्ताद स्वतः खोरं घेऊन माती उकरायचे, ढेकळं फोडायचे, मग हातानं सपाट करून मधोमध मूठ दाबायचे. मनगटापर्यंत रुतली की समाधान. खोरं दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. आम्ही चिडवायचो, वस्ताद, लग्नात पोरगी द्याल पण खोरं देणार नाही. ते हसायचे आणि खणत राहायचे.

त्या दिवशीही त्यांनी हौदा खणला, सपाट केला, घरी गेले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. कुणाला त्रास नाही, दवाखाना नाही. घरच्यांनी तालमीची किल्ली माझ्या हाती दिली. म्हणाले, ते नेहमी सांगायचे, आपल्या मागं तालीम तुझी.

तेरा दिवस तालीम बंद होती. चौदाव्या दिवशी कुलूप काढलं तेव्हा माझे पाय उंबऱ्यातच थांबले. हौद्यात त्यांची पावलं तशीच होती. सपाट करताना ओढलेल्या बोटांच्या रेघाही होत्या. ती त्यांची शेवटची माती होती. खोरं घेऊन ते सगळं मोडायचं, हे माझ्यानं होईना. मुली कपडे बदलून उभ्या होत्या. मी म्हणाले, "आज माती राहू दे तशीच." कडेकडेनं, पावलं राखून, लढती लावल्या. मूठ दाबून बघितली नाही. मला ठाऊक होतं की बघितली पाहिजे. दहा वर्षं मी मुलींना तेच सांगत आले होते. तरी बघितली नाही, कारण मला उत्तर माहीत होतं.

पल्लवी चौदा वर्षांची. धनगराच्या घरची, वडील मेंढरं घेऊन बाहेर, घरी आई आणि ती. आमच्यातली सगळ्यात चपळ पोर. समोरच्या मुलीनं ढाकेचा डाव टाकला, पल्लवी हवेतून खाली आली आणि आवाज आला. मातीत पडल्यावर येतो तो नव्हे, ओट्यावर पडल्यावर येतो तसा. ती उठली नाही. उजवा हात बधिर झाला होता. गाडी करून सोलापूरला नेलं. हाड मोडलं नव्हतं, मानेची शीर दबली होती. तिसऱ्या दिवशी बोटांत जीव आला, महिनाभर मानेला पट्टा. डॉक्टर म्हणाले, पोर नशिबाची.

पण खरी गोष्ट पुढं आहे. दवाखान्यात सगळ्यांसमोर पल्लवी म्हणाली, "ताई, माझा खांदा चुकला. हनुवटी सुटली वाटतं." आणि तिची आई म्हणाली, "वस्ताद असते तर पोर अशी पडली नसती." मी गप्प बसले. तेव्हा वाटलं, आत्ता कुठं हा विषय, पोर बरी होऊ दे. पोर बरी झाली. मग वाटलं, आता कशाला. पल्लवीनं निरोप पाठवला की ती पुन्हा तालमीत येणार नाही, तिला पडायला जमत नाही. तो निरोप मी ऐकला आणि तेव्हाही गप्पच बसले. माझी चूक एका चौदा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या अंगावर घेतली होती आणि मी ती घेऊ दिली. तालीम मी बंद केली. लोकांना वाटलं, ताई दुःखात आहे. किती सोयीचं होतं ते मला.

शेवटी ठरवलं, अणदूरच्या खंडोबाला जायचं. वस्ताद दरवर्षी जायचे. देवाच्या पायावर तालमीची किल्ली ठेवायची, मग ती ग्रामपंचायतीत नेऊन द्यायची आणि मोकळं व्हायचं. एका रविवारी बस धरली. बसमध्ये भंडाऱ्याच्या पिवळ्या पिशव्या घेतलेली पुष्कळ माणसं होती. नळदुर्गला अर्धी बस रिकामी झाली, कंडक्टरनं माझ्याकडं बघितलंसुद्धा, तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. अणदूरला उतरून देवळापाशी गेले तर सगळं शांत. आणि मग लक्षात आलं. आमच्या भागातल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं की हा देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पुढचे पावणेदोन महिने नळदुर्गला जातो. पालखीतून नेतात, पालखीतून आणतात. जे नळदुर्ग मागं टाकून मी पुढं आले होते, तिथंच देव होता.

पायऱ्यांवर एक म्हातारी बसून पाण्यानं दगड घासत होती. गावातलीच असावी. माझ्याकडं बघून म्हणाली, "देव नळदुर्गाला गेलाय की गं बाई. ठाऊक न्हाय व्हय?"

"ठाऊक आहे आजी. विसरले."

"आलीच हायस तर बादली धर."

मी बादली धरली. मग नुसतं धरून काय उभं राहायचं म्हणून दुसरा खराटा घेतला आणि घासायला बसले. दगडांच्या सांधीत भंडाऱ्याचे थर बसून घट्ट झाले होते. मी विचारलं, एवढं साचू कशाला देता?

"देव हाय तवर घासू वाटत न्हाय बघ," ती म्हणाली. "त्येच्या पायाखालचा भंडारा, कसा काढायचा. वरवर पुसून घेतो. त्यो गेला की मग बसायचं खरवडत. आता न्हाय काढलं तर दगूड हुतोय त्येचा."

माझा हात थांबला. तिनं मला काही शिकवायला म्हणून सांगितलं नव्हतं, पायऱ्यांबद्दलच बोलत होती. पण मला रडू फुटलं, आणि लाज वाटण्याच्याही पलीकडं गेले. तिनं विचारलं नाही काय झालं. पुढची पायरी घासायला घेत एवढंच म्हणाली, "काय मागाया आली व्हतीस देवाला?"

"मागायला नाही आजी. द्यायला आले होते."

"मग ज्येचं हाय त्येला नेऊन दे की. देव काय ठिवून घेतोय?"

आम्ही दोघींनी मिळून पायऱ्या स्वच्छ केल्या. तिनं पदरानं हात पुसले आणि घरी गेली. नाव विचारायचं राहिलं. मी नळदुर्गला उतरले नाही, परतीची बस धरून सरळ गावी आले आणि घरी न जाता पल्लवीच्या दारात गेले.

ऊन उतरलं होतं. तिची आई शेळीला पाला घालत होती, पल्लवी आत होती. मी बसले नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वस्तादांची पावलं मोडवेनात म्हणून मी माती खणली नाही, मूठ दाबून बघितली नाही, मुलींना टणक मातीत उतरवलं, आणि इतके दिवस तोंड उघडलं नाही. पल्लवीचा खांदा चुकला नव्हता, चुकले ती मी.

तिच्या आईनं हातातला पाला खाली टाकला. मग म्हणाली, "पोर रोज आरशापुढं उभी राहती ताई. खांदा वाकवून बघती, कुठं चुकलं म्हणून. आन तुमी गप बसला?" तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तेवढ्यात पल्लवी उंबऱ्यात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर दार लावून घेणार. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हंजी ताई, म्या बरोबर पडले व्हते?"

"अगदी बरोबर पडली होतीस," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हौदा खणला. पहिल्या चार घावांत पावलं गेली, आणि मी रडत रडत पुढं खणत राहिले. पल्लवी डॉक्टरांना विचारून दोन महिन्यांनी मातीत उतरली. तिची आई अजूनही माझ्याशी पूर्वीइतकं बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. कधी वाटतं, त्या रविवारी देव अणदूरला असता तर मी किल्ली त्याच्या पायावर ठेवली असती, हलकी होऊन घरी आले असते, आणि त्या पोरीनं माझी चूक जन्मभर वाहिली असती. शरण जाणं म्हणजे ओझं देवावर टाकून येणं, असं मी समजत होते. वस्तादांनी अंग सोडून पडायला शिकवलं होतं, मी मात्र ते फक्त मातीतच वापरलं, चूक कबूल करताना नाही. आभार मानायचे तर कुणाचे मानावेत, हे मला नीट कळत नाही. वस्तादांचे, त्या म्हातारीचे, की घरी नसलेल्या देवाचे. मी आता रोज हात जोडते, आणि आभार ज्याचे त्याला पोचत असतील असं धरून चालते.