काळू, कापूस आणि अर्धा टोस्ट

त्या वर्षी आमच्या घरात कापूस राहत होता आणि आम्ही ओसरीत. भाव पार पडलेला, म्हणून दिग्रसच्या बाजारात न नेता सगळा कापूस समोरच्या खोलीत आढ्याला टेकेपर्यंत भरला होता. गावात घरोघरी हीच तऱ्हा! (पाहुण्यालाही दारातच बसावं लागे. तो लवकर उठून जाई, एवढाच काय तो फायदा.)

त्या ढिगावर आमचा काळू कुत्रा खुशाल चढायचा. कापसात केस निघाले की व्यापारी भाव अजून पाडणार! कुत्र्याला वळण लावता लावता लेकरांनाही वळण लागतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. लेकीला बोलावलं.

"पिंके, काळूले शिकव. कापसात केस नाही निघाला तं तुले सायकल!"

"शप्पथ घ्या!"

घेतली. तिथंच फसलो.

पोरगी महाहट्टी. काळू ढिगावर चढला की "खाली!" आणि उतरला की टोस्टचा तुकडा. मग ती स्वतःच चढू लागली. काळूनं फ्रॉक ओढून तिला खाली आणलं की पुन्हा टोस्ट! मी एकदा त्याच्यावर खेकसलो, तर मलाच दम मिळाला.

"बाबा, वरडू नका! त्याले राग समजत नाही, टोस्ट समजते!"

आठवड्याभरात मांजरसुद्धा कापसाकडे फिरकेना. पंचाईत झाली ती माझी. जेवणानंतर त्या ढिगावर काय झोप लागते म्हणून सांगू! पण मी काही कच्चा नाही. पिंकी शाळेत, बायको वावरात गेली की काळूला मागच्या कडुलिंबाला बांधायचं आणि मस्त ताणून द्यायची. कोणाला कळतंय!

एका रविवारी व्यापारी आला. मी नेहमीची मेंदी केसांना लावून, नवा पायजमा घालून तयार. शेटजींनी खालून मूठभर कापूस उपसला.

"माल बरा आहे, भाऊ."

"बरा? वरचा पाहा ना, शेटजी! नुसता दुधासारखा!"

आणि गेलो चढून! काळू मोकळा आहे हे ध्यानातच राहिलं नाही. त्यानं धावत येऊन पायजमा धरला. मी नाडी धरली. अर्धा ढीग अंगावर घेऊन मी थेट शेटजींच्या पायाशी!

शेटजींनी कापसातून चिमटीनं एक केस उचलला. मग दुसरा. मग तिसरा.

"भाऊ, हे काय?"

"कुत्र्याचे! हजारदा सांगतलं या पोरीले..."

पिंकीचे डोळे भरून आले. "पण बाबा, काळू तं काळा हाय! हे तं लाल हायेत!"

सगळे माझ्या डोक्याकडे बघू लागले. काळूसुद्धा.

"अवो, कापसावर लोळता म्हणून तुमच्या पाठीले खाज सुटून राह्यली व्हय!" बायको कडाडली. "आन् मी येडी रोज लिंबाचा पाला उकळून देऊन राह्यली!"

शेटजींनी पोट धरून हसत हसत भाव पाडला. (न हसता आणखी पाडला असता, अशी मी मनाची समजूत घालतो.) सायकल घ्यावीच लागली. काळूचा केस एकही निघाला नव्हता ना! पिंकी सायकलवरून शाळेत निघाली तेव्हा पोरीचा असा अभिमान वाटला की भावाचं दुःख विसरलो.

पुढच्या हंगामात खोली पुन्हा भरली. एका दुपारी जेवून उठलो आणि ढिगाकडे नुसतं पाहिलं.

"बाबा, खाली!" पिंकी अगदी गोड आवाजात म्हणाली.

मी निमूट ओसरीतल्या खाटेवर जाऊन बसलो. तिनं लगेच टोस्ट दिला. काळूला अख्खा, मला अर्धा. कारण तो आठवड्यात शिकला होता आणि मला वर्ष लागलं!