बोगस मत कुणी पाहिलं?

निवडणूक ड्युटी केलेले दोन मास्तर चहाला बसले की किस्से निघतातच. पण हल्ली लोकसभेचा विषय निघाला की माझं डोकंच फिरतं.

आमच्या स्टाफरूममधले देशमुख सर परवा म्हणाले, "देशात अर्धं मतदान बोगस होते."

"तुम्ही कुठं पाहिलं?"

"मोबाईलवर आलं न."

"अन् तुमच्या बूथवर?"

"त्या दिवशी सुटी होती, मी शेगावले गेलतो."

म्हणजे या माणसानं मतच दिलं नव्हतं, आणि टक्केवारी सांगत होता.

*

तायडे सरांच्या केंद्रावर एका पोलिंग एजंटनं एका म्हाताऱ्याला अडवलं. "सर, हा माणूस मेला हाय." मेला होता तो त्याच नावाचा दुसरा. म्हातारा संतापून म्हणाला, "मेलो असतो तं एवढ्या उन्हात लायनीत काऊन उभा राह्यलो असतो बे?"

*

सलीम सरांचा किस्सा ऐकून तर माझं रक्त उसळलं. त्यांच्या केंद्रावर गजू नावाचा एजंट फक्त बुरख्यातल्या बायांवर आक्षेप घेत होता. महिला कर्मचारी आडोशाला नेऊन चेहरा ओळखपत्राशी ताडून पाहायची. प्रत्येक बाई खरी निघाली. तरी याचं चालूच, "आजकाल कार्डंबी बोगस राह्यतात."

तेवढ्यात एका वयस्कर बाईंनी स्वतःच नकाब वर केला. त्या गावातल्या शाळेच्या रिटायर मॅडम होत्या.

"गजू, तुह्यं नाव शायेत मीच दाखल केलं होतं. तेबी बोगस हाय काय?"

*

म्हणून बोगस मतदान होतच नाही, असं मी म्हणणार नाही. इतक्या ड्युट्यांमध्ये मी एकदाच पाहिलं, तेही माझ्याच केंद्रावर.

शेवंताबाई दुपारी शेतातून आल्या. त्यांच्या नावावर आधीच मत पडलेलं. त्या अंगठा लावणाऱ्या, आणि रजिस्टरमध्ये झोकदार सही. सकाळपासून ज्याला त्याला अडवणारे एजंट आता खाली माना घालून बसले. सगळे त्याच गावचे.

नियमाप्रमाणे मी त्यांना कागदी मतपत्रिका दिली. ती वेगळ्या पाकिटात जाते.

"हे मोजतात न, सर?"

"कोर्टानं सांगितलं तरच, बाई." बोलताना माझीच मला चीड आली.

त्यांनी शिक्का मारला, घडी घालून कागद माझ्या हातात दिला आणि एजंटांच्या बाकासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माह्या नावानं कोण आलं, ते तुमाले माहीत हाय. नका सांगू. पण माह्यं मत कोणाले देल्लं, एवढं तं सांगा."