खडीला दिलेलं ऊन

माझा संशय सासऱ्यांवर होता, आणि तो मी फारसा लपवलाही नाही.

वाशीच्या त्या दीड खोलीच्या घरात आमच्या ह्यांनी हौसेने फिशटँक आणला होता. ठेवायला जागा एकच, खिडकीखाली. त्यात चार सोनेरी मासे आणि तळाला पांढरी खडी. महिन्याभरात खडीवर हिरवं शेवाळ चढलं. ह्यांनी दुकानातून कसलंसं औषध आणून ओतलं, तर दुसऱ्या दिवशी दोन मासे उलटे तरंगत होते. तेव्हाच मी बजावलं, औषधाची बाटली परत घरात येता कामा नये. मासे विकणाऱ्याने साधे उपाय सांगितले. खाणं चिमूटभरच घाला, आठवड्याला थोडं पाणी बदला आणि मुख्य म्हणजे टाकीला ऊन लागू देऊ नका. मी खिडकीला जाड पडदा शिवला. दर रविवारी खडी बादलीत काढून तांदूळ धुतात तशी चोळायची, बोटांची सालं निघेपर्यंत. शुक्रवार आला की खडी परत हिरवीगार.

ऊन बंद केलं, मग उरलं खाणं. आणि दिवसभर घरी कोण, तर सासरे. सासूबाई गेल्यावर गावाहून आमच्याकडे राहायला आले होते. मी माशांच्या खाण्याच्या डब्यावर पेन्सिलने रेघ मारून ठेवली. खाणं रेघेच्या खाली गेलं नाही. मग म्हटलं, भाकरी कुस्करून टाकत असणार. संध्याकाळी कामावरून आले की आधी टाकीत डोकावायची, मग त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते नजर चुकवायचे. झालं, माझी खात्रीच पटली.

"मामंजी, टाकीत काही टाकता का तुम्ही?"

"नाय बाय. मी कशाला टाकू?"

टाकीला हात लावायचा नाही, हे मी त्यांना दोनदा ठणकावलं होतं. पडदा कशासाठी लावलाय, ते मात्र कधी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय त्यातलं, अशी माझी समजूत.

शेवटी मी गावी दिराला पत्र टाकलं. मामंजींना इथे करमत नाही, येऊन घेऊन जा. करमतं की नाही, हे त्यांना विचारलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात डोकं दुखतंय म्हणून मी दुपारीच घरी आले. दार उघडलं, तर पडदा बाजूला सारून खिळ्याला अडकवलेला आणि ऊन थेट टाकीत. सासरे शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. मला बघून धडपडत उठले आणि पडदा ओढायला लागले.

"रोज उघडता?"

"तू गेलीस का उघडतो. यायच्या आधी लावतो, तू रागावशील म्हनून." मग हळूच म्हणाले, "आपल्या अंगनातलं शेवाळ, पाऊस सरला का उन्हानं सुकून जातं ना? म्हनलं, खडीला जरा ऊन दावू. रईवारी तुझी बोटं बघवत नाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अंगणातलं शेवाळ उन्हाने सुकतं, पाण्यातलं उन्हानेच वाढतं, हे सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

रविवारी दीर आला. मी म्हटलं, "मामंजी, माझं चुकलं, तुम्ही राहा."

"तो येवढ्या लांबून आलाय, त्याला रिकामा कसा धाडू?" म्हणत त्यांनी पिशवी भरली. दारातून वळून म्हणाले, "पडदा उघडत जा, बाय."

मी पडदा बंदच ठेवला. खडी पांढरीशुभ्र राहिली. दिराचं पत्र आलं की खाली मामंजींनी सांगून लिहवलेली एक ओळ असायची, खडी कशी हाय? मी दर वेळी उत्तर द्यायची, तुमच्या उन्हाने साफ झाली, एकदा येऊन बघा. ते वाचून दाखवलं की मामंजी आळीभर सांगत फिरतात, असं दीर कळवायचा. बघायला मात्र ते कधी आले नाहीत.